ढगातील कोठार, घरातील दाटी

संगणकाच्या पडद्यावर ‘सी ड्राइव्ह’ या नावाखाली जी आडवी पट्टी दिसते ती एरवी निळी असते. मोकळी जागा एकदशांशाच्या खाली गेली की ती तांबडी होते. पट्टी तांबडी झाली म्हणजे लॅपटॉपचा मालक आधी जुने चित्रपट पुसतो, मग मोबाइलवरून आलेल्या लग्नामुंजींच्या चित्रफिती पुसतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर कोणा जाणत्याच्या सल्ल्यावरून ‘क्लाउड’मध्ये जागा विकत घेतो. महिन्याकाठी शे-दीडशे रुपये भरले की शंभर जीबी मिळतात. आपले सामान ढगात गेले, घर मोकळे झाले, या समाधानात त्याचे चार दिवस बरे जातात. पाचव्या दिवशी तो पाहतो तर पट्टी पुन्हा तांबडी. आणि मोकळी जागा पैसे भरण्यापूर्वी होती त्याहूनही कमी.

हा अनुभव आता इतका सार्वत्रिक झाला आहे की तांत्रिक बिघाड म्हणून तो सोडून देता येणार नाही. मुळात तो बिघाड नाहीच. सिंक करणारी ही सॉफ्टवेअरे जशी चालावीत म्हणून रचली आहेत तशीच ती चालत असतात. दोष आहे तो ग्राहकाला जे सांगितले गेले आणि त्याच्या पदरात जे पडले, या दोहोंमधील अंतरात. हे अंतर जागेपुरते असते तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु जागेच्या या गैरसमजापोटी माणसे आपल्याच हाताने आपले कागदपत्र नष्ट करीत आहेत, आणि ते केव्हा नष्ट झाले हेही त्यांना कळत नाही.

ड्रू ह्यूस्टन हा तरुण एकदा बॉस्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या बसमध्ये बसला आणि पेन ड्राइव्ह घरीच राहिल्याचे त्याच्या ध्यानात आले. या वैतागातून ‘ड्रॉपबॉक्स’ची कल्पना सुचली, ही हकीकत त्याने स्वतःच अनेकदा सांगितली आहे. २००७ साली अराश फिरदौसी यांच्यासह त्याने कंपनी काढली आणि २००८ च्या सप्टेंबरात ती सेवा सर्वांना खुली झाली. या हकीकतीत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ह्यूस्टनची अडचण जागेची नव्हतीच. फाइल एका गावी आणि माणूस दुसऱ्या गावी, ही त्याची अडचण होती. त्यावर त्याने काढलेला तोडगा साधा होता: घरच्या संगणकावर एक प्रत, कचेरीतल्या संगणकावर दुसरी, कंपनीच्या यंत्रावर तिसरी, आणि कोठेही एका प्रतीत बदल झाला की बाकीच्या प्रती आपोआप तशाच व्हायच्या. सिंक म्हणजे एवढेच. जागा वाचविणे हा तिचा हेतू कधीच नव्हता. उलट एका फाइलीला तीन ठिकाणी तीनदा जागा लागणार, हे ओघानेच आले.

पुढे मात्र हीच वस्तू ‘स्टोअरेज’ या नावाने बाजारात आली. अ‍ॅपलचे ‘आयक्लाउड’ २०११ च्या ऑक्टोबरात निघाले, ‘गूगल ड्राइव्ह’ २०१२ च्या एप्रिलमध्ये; मायक्रोसॉफ्टने २००७ पासून चालविलेले ‘स्कायड्राइव्ह’ २०१४ मध्ये ‘वनड्राइव्ह’ झाले. या सर्वांनी आपला माल जीबींच्या मापाने विकावयास काढला. आयक्लाउडवर पाच जीबी फुकट, गूगलवर पंधरा फुकट, त्यापुढे शंभरला इतके, दोनशेला तितके. मापाने विकलेली वस्तू ही जागाच असली पाहिजे, असे ग्राहकाने समजावे यात त्याची काय चूक? मराठी माणसाला गोदाम ठाऊक आहे. मार्केट यार्डातील गोदामात पोती टाकली, पावती घेतली, की घरची कोठी रिकामी होते. बँकेचे लॉकर ठाऊक आहे. दागिने तेथे ठेवल्यावर कपाटात उरतो तो रिकामा डबा. ढगातील कोठाराविषयीही त्याने हीच कल्पना केली. त्याला प्रत्यक्षात मिळाला तो गोदामाचा गाळा नव्हे. मिळाला कार्बन कागद. वरच्या कागदावर लिहावे ते खालच्यावर उमटते, आणि दोन्ही कागद आपापली जागा अडवून बसतात. शिवाय हा कार्बन कागद मोठा विलक्षण आहे. एक प्रत फाडली की दुसरीही फाटते. त्याचा विचार पुढे करू.

गैरसमजाला परिस्थितीचीही साथ मिळाली. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपमध्ये ५०० जीबीची किंवा एक टीबीची फिरती हार्ड डिस्क असे. ती मंद होती, पण ऐसपैस होती. तिच्या जागी वेगवान एसएसडी आली तेव्हा किंमत आवाक्यात ठेवण्यासाठी मध्यम किमतीच्या यंत्रांत ती २५६ जीबींची बसविण्यात आली. संगणक नवा झाला आणि कोठी निम्म्यावर किंवा पाव हिश्शावर आली. खोक्यावर लिहिलेले २५६ जीबी विंडोज आपल्या हिशेबाने २३८ च दाखविते, कारण कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत. त्यातून विंडोजच्या अकराव्या आवृत्तीला किमान ६४ जीबींची डिस्क लागते, हे मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेले आहे. उरलेल्या जागेत माणसाने आपला संसार मांडावयाचा. अशा घरात कार्बन प्रतींचा गठ्ठा येऊन पडला म्हणजे दाटी होणारच.

ही दाटी नेमकी कशी होते हे पाहण्यासारखे आहे. तिची पहिली वाट अगदी साधी आहे. मनुष्य ‘डॉक्युमेंट्स’मधील आपला फोल्डर उचलून वनड्राइव्हच्या वा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरात ‘कॉपी’ करतो. हलवीत नाही, कारण हलविण्याची त्याला भीती वाटते; आणि ती भीती शहाणपणाचीच असते. पण वनड्राइव्हचा तो फोल्डर त्याच डिस्कवर असतो. ज्या क्षणी फाइली ‘ढगात’ गेल्या असे त्याला वाटते, त्या क्षणी त्या त्याच्याच घरात दुसऱ्यांदा मांडल्या गेलेल्या असतात.

दुसरी वाट अधिक गमतीची आहे. गूगल ड्राइव्हचे आजचे सॉफ्टवेअर संगणकावर ‘जी’ नावाचा एक स्वतंत्र ड्राइव्ह उभा करते. तो दिसावयास खऱ्याखुऱ्या डिस्कसारखा. प्रत्यक्षात तो आभास असतो. समजा, एखाद्या तालुक्याच्या गावी लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या छायाचित्रकाराने साठ जीबींचे चित्रीकरण या ‘जी’वर टाकले. पडद्यावरची हिरवी पट्टी भराभर पुढे सरकते आणि काम झाल्याचे दिसते. प्रत्यक्षात ते साठ जीबी आधी ‘सी’ ड्राइव्हवरील एका लपविलेल्या फोल्डरात जमा झालेले असतात, आणि तेथून इंटरनेटच्या वेगाने एकेक करून कंपनीकडे जाऊ लागतात. इंटरनेटच्या जाहिरातीत जो वेग ठळक अक्षरांत असतो तो वस्तू आणण्याचा. पाठविण्याचा वेग बहुधा बारीक अक्षरांत असतो. सेकंदाला दहा मेगाबिट असा बऱ्यापैकी वेग धरला तरी साठ जीबींना तेरा तासांहून अधिक वेळ लागतो. दोन मेगाबिट धरला तर पावणेतीन दिवस. तेवढा काळ ‘सी’ ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरलेला. मधेच वीज गेली, राउटर बंद पडला, लॅपटॉप मिटून कोणी झोपी गेले, की मुक्काम वाढला. या काळात त्या गृहस्थाने ‘सी’मधील एकेक फोल्डर उघडून पाहिला तरी त्याला काही सापडावयाचे नाही, कारण ज्या फोल्डरात हा माल पडला आहे तो विंडोजच्या रीतीप्रमाणे दिसतच नाही. हा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलविण्याची सोय सेटिंग्जमध्ये आहे. पण जो दिसत नाही तो हलवावा कसा, हे सुचण्यास आधी तो आहे हे ठाऊक असावे लागते.

सामायिक फोल्डरांची तऱ्हा निराळी. एखाद्या मंडळाच्या दहा सभासदांनी ड्रॉपबॉक्सवर मिळून एक फोल्डर केला, पूर्ण प्रत ठेवण्याचा मार्ग ठेवला, आणि त्यात एका उत्साही सभासदाने स्नेहसंमेलनाची वीस जीबींची चित्रफीत टाकली, की ती दहाही घरांत जाऊन बसते. एकाचा उत्साह, दहांची जागा. ड्रॉपबॉक्स तर तो भार प्रत्येक सभासदाच्या ढगातील हिश्शावरही लावते. एकाच संगणकावर पाच शिक्षक पाच नावांनी काम करीत असतील तर शाळेचा तोच पंधरा जीबींचा संग्रह प्रत्येकाच्या नावे वेगळा उतरून पंचाहत्तर जीबी खाऊ शकतो. संगणकाला ती पाच बिऱ्हाडे वाटतात, एक शाळा नव्हे. पुसलेल्या फाइली ड्रॉपबॉक्सच्या लपलेल्या कप्प्यात सुमारे तीन दिवस रेंगाळतात, ही त्या मानाने किरकोळ बाब.

कंपन्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. मायक्रोसॉफ्टने २०१३ साली विंडोज ८.१ मध्ये यावर उपाय योजला होता. फाइलीचे नाव आणि चित्र तेवढे संगणकावर ठेवावयाचे, मजकूर ढगात; उघडली की तेवढ्यापुरती उतरवून घ्यावयाची. उपाय उत्तम, पण नाव दिसते ती फाइल जवळ आहे असे लोक समजले. प्रवासात नेट नसताना ती उघडेना. ग्राहकांचा गोंधळ उडतो, असे कारण देऊन कंपनीने २०१५ च्या विंडोज १० मधून ही सोयच काढून टाकली. मग ती नाही म्हणून ओरड झाली, आणि २०१७ च्या ऑक्टोबरात दुसऱ्या नावाने परत आणली. मधल्या दोन वर्षांत माणसाने आपली सवय कितीदा मोडावी? अ‍ॅपलने २०१६ मध्ये आणि ड्रॉपबॉक्सने २०१७ मध्ये आपापल्या परीने हेच केले. आज वनड्राइव्हमध्ये फाइलीशेजारी तीन खुणा दिसतात. निळा ढग म्हणजे फाइल फक्त कंपनीकडे. पांढऱ्या वर्तुळातील हिरवी बरोबरची खूण म्हणजे सध्या घरी आहे, पण केव्हाही जाऊ शकते. भरीव हिरव्या वर्तुळातील पांढरी खूण म्हणजे कायमची घरी. रोज संगणक वापरणाऱ्या दहा जणांना या तीन खुणांचा अर्थ विचारून पाहावा. आणि फाइलीची माहिती उघडली तर तेथेही आकडे दोन: एक फाइलीचा आकार, दुसरा तिने डिस्कवर प्रत्यक्ष अडविलेली जागा. ढगात असलेल्या ऐंशी जीबींच्या फोल्डराचा पहिला आकडा ऐंशी येतो आणि दुसरा जवळजवळ शून्य. मनुष्य पहिला आकडा पाहतो, दचकतो आणि पुसण्याचे बटण दाबतो.

येथेच खरा अनर्थ आहे. असे समजा की एक निवृत्त गृहस्थ वीस वर्षे आपल्या पंचक्रोशीचा इतिहास गोळा करीत आहेत. मोडी कागद, देवस्थानांच्या सनदा, जुन्या वाड्यांतील जमाखर्च, वृद्धांच्या मुलाखती. मूळ कागद ज्यांचे त्यांना परत दिलेले, त्यांतले कित्येक वाळवीने खाल्लेले. हाताशी उरली ती छायाचित्रे. दहा हजार छायाचित्रे, प्रत्येकी आठ एमबी, म्हणजे ऐंशी जीबी. त्यांनी शंभर जीबींची जागा घेतली आणि तो संग्रह सिंकच्या फोल्डरात कॉपी केला. डिस्कवर एकशेसाठ जीबी झाले, पट्टी तांबडी झाली. दोन प्रती कशाला, असा रास्त विचार करून त्यांनी जुना फोल्डर पुसला. येथपर्यंत सारे ठीक. सहा महिन्यांनी पुन्हा दाटी झाली. आता त्यांच्या मनाने घेतले की सर्व काही ढगात आहेच, मग येथे हे ऐंशी जीबी कशाला हवेत? त्यांनी सिंकचा फोल्डर उघडला, सर्व निवडले आणि पुसले. संगणक मोकळा झाला. त्याच वेळी कंपनीच्या यंत्रावरची प्रतही कचरापेटीत गेली, आणि ज्या पुतण्याच्या लॅपटॉपवर ती होती तेथूनही गेली. सिंकने आपले काम चोख बजावले. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्हची वैयक्तिक सेवा आणि ड्रॉपबॉक्सची साधी सेवा, तिन्हींमध्ये पुसलेली वस्तू परत मिळविण्याची मुदत तीस दिवसांची आहे. ज्याला काही हरवल्याचे ठाऊकच नाही त्याला ही मुदत तीस दिवसांची असली काय आणि तीनशेची असली काय? पुढच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहावयास बसेपर्यंत ते त्या फोल्डराकडे फिरकावयाचे नाहीत.

सूचना येत नाही असे नाही. पुष्कळ फाइली एकदम पुसल्या तर वनड्राइव्ह इशारा देतो. पण तो बहुधा इंग्रजीत असतो, दिवसभरात झळकणाऱ्या वीस चौकटींपैकी एकविसावी चौकट म्हणून येतो, आणि त्याखाली दाबण्याजोगे एक बटण असते. शिवाय या कंपन्यांनी स्वतःच ग्राहकाला उलटी शिकवण दिली आहे. गूगलच्या फोटो-अ‍ॅपमध्ये जागा मोकळी करण्याचे एक बटण आहे. ते दाबले की ढगात पोचलेली छायाचित्रे फोनवरून जातात आणि ढगात राहतात. त्याच अ‍ॅपमध्ये छायाचित्र पुसले की ते दोन्हीकडून जाते. वनड्राइव्हमध्येही उजव्या बटणाच्या यादीत ‘फ्री अप स्पेस’ ही निरुपद्रवी सोय आणि ‘डिलीट’ ही संहारक सोय जवळजवळ नांदतात. दोहोंचा परिणाम संगणकावर एकच दिसतो: पट्टी निळी होते. कोणते बटण दाबले गेले हे काही महिन्यांनी कळते.

यावर तज्ज्ञांचे एक ठरलेले उत्तर असते. ग्राहकाने माहिती वाचावयास हवी होती, सेटिंग्ज पाहावयास हव्या होत्या. हे उत्तर ज्याने स्वतःहून सेवा घेतली त्याला काही अंशी लागू पडेलही. परंतु आता सेवा घ्यावीच लागत नाही. ती घेतली जाते. विंडोज ११ चा नवा संगणक मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीन फोल्डर वनड्राइव्हमध्ये जाण्याची योजना स्पष्टपणे न विचारताच चालू होते, अशी बातमी २०२४ च्या जूनमध्ये आली आणि तिच्यावर बरीच टीका झाली. या योजनेत फोल्डरांची केवळ प्रत होत नाही, त्यांचे ठिकाणच बदलते. फुकटची जागा पाच जीबींची. ती दोन-चार आठवड्यांत भरली की पैसे भरण्याच्या सूचना सुरू होतात. वैतागून कोणी योजना बंद केली, तर डेस्कटॉप ओस पडल्याचा आणि सर्व चीजवस्तू वनड्राइव्हच्या फोल्डरात जाऊन बसल्याचा अनुभव अनेकांनी घेतला आहे. भाडेकरूने घरमालकाचे सामान हलवावे आणि नंतर ते कोठे ठेवले याची चिठ्ठी चिकटवून जावे, त्यातला हा प्रकार.

पाच जीबींचा हा आकडाही सहज आलेला नाही. मायक्रोसॉफ्ट पूर्वी पंधरा जीबी फुकट देई. २०१६ मध्ये ते पाच केले. वर्गणीदारांना २०१४ च्या ऑक्टोबरात अमर्याद जागेचे वचन दिले होते, ते काहींनी पंचाहत्तर टीबींपर्यंत वापरले म्हणून २०१५ च्या नोव्हेंबरात मागे घेतले. गूगलने २०१५ मध्ये छायाचित्रांसाठी मोजमाप न करता जागा दिली आणि १ जून २०२१ पासून मोजमाप सुरू केले. तोवर लोकांचे अर्धे आयुष्य तेथे जमा झाले होते. व्यापारात हे चालते. आधी सवय लावावी, मग दर लावावा, हे चहाच्या कंपन्यांनीही केले. पण चहाच्या कंपनीने कोणाच्या माजघरात न विचारता पेट्या आणून रचल्या नव्हत्या.

तेव्हा मागणी व्हावयास हवी ती ढग बंद करा अशी नव्हे. ती फार साध्या गोष्टींची आहे. सिंक सुरू होण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारले जावेत: घरी पूर्ण प्रत ठेवावयाची की नुसते नाव, आणि त्यासाठी डिस्कवर किती जागा लागेल. लपलेल्या फोल्डरांनी अडविलेली जागा सॉफ्टवेअरच्या पहिल्याच चौकटीत आकड्याने दिसावी. घरातून काढणे आणि सर्वत्र नष्ट करणे या दोन क्रियांना दोन निराळे शब्द असावेत, आणि दुसरी क्रिया एका बटणावर होऊ नये. हे सारे मराठीत असावे. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्यात, संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याची मुभा नागरिकाला असावी, अशी तरतूद आहे. नाव आणि फोन नंबर घेण्यासाठी जी भाषा बंधनकारक होते, ती आयुष्यभराचा संग्रह नष्ट करण्याच्या इशाऱ्याला का लागू असू नये? आणि शासनाने तरी कायद्याची वाट पाहण्याचे कारण काय? शाळांसाठी आणि ग्रामपंचायतींसाठी संगणक सरकारी पैशाने घेतले जातात. न विचारता फोल्डर हलविणारी योजना बंद ठेवूनच यंत्र द्यावे, एवढी एक अट निविदेत घालण्यास कोणाची परवानगी लागत नाही. ज्या कंपन्यांची यंत्रे पुण्यात आणि नवी मुंबईतील ऐरोली-महापे पट्ट्यातील मोठमोठ्या इमारतींत चालतात (ढग म्हणतात तो बहुधा असा सिमेंटच्या भिंतींत आणि वातानुकूलनात असतो), त्यांना या राज्याची भाषा अवघड जाऊ नये.

यावर कोणी असेही म्हणेल की मग सरळ सर्व काही ढगातच ठेवावे, घरी नावे तेवढी असू द्यावीत, म्हणजे दाटीचा प्रश्नच मिटला. हा सल्ला सोपा आहे आणि धोक्याचाही. नाव जवळ असणे म्हणजे वस्तू जवळ असणे नव्हे. पावसाळ्यात दोन दिवस नेट बंद पडले की हे कोकणातल्या कोणत्याही कचेरीत कळते. दोन वर्षे न वापरलेले खाते पुसून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ च्या मे महिन्यात जाहीर केले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरापासून ते अमलात आणण्यास सुरुवात केली. खात्याचा मालक निवर्तला आणि मुलांना संकेतशब्द ठाऊक नसला तर वडिलांचा संग्रह वारसाहक्काच्या दाव्याआधीच संपू शकतो. ज्यांचे मूळ आता कोठेही नाही अशा वस्तूंची एक प्रत स्वतःच्या हाताखाली, सिंकच्या कक्षेबाहेर, वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर असणे अगत्याचे आहे. एक टीबीची अशी डिस्क काही हजार रुपयांत मिळते आणि तिला मासिक वर्गणी नसते.

आणि घरात साचणारी ती लपलेली अडगळ सर्वस्वी निरुपयोगी असते असेही नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात गूगल ड्राइव्हच्या अनेक ग्राहकांना आपल्या फाइली दिसेनाशा झाल्या. कित्येकांचे तर काही महिन्यांचे काम गेले होते. संगणकावरील सॉफ्टवेअरच्या ८४ व्या आवृत्तीत सिंकचा दोष असल्याचे निघाले, आणि फाइली परत मिळविण्याची रीत कंपनीने डिसेंबरात प्रसिद्ध केली. त्यापूर्वी तिने ग्राहकांना तातडीने ज्या सूचना दिल्या, त्यांत खाते तोडू नये असे होते, आणि ‘सी’ ड्राइव्हवरचा तो लपलेला फोल्डर पुसू वा हलवू नये, असेही होते. ढगात जे सापडत नव्हते ते मिळण्याची आशा तेथेच होती. डिस्कवर जागा असल्यास त्या फोल्डराची आणखी एक प्रत करून ठेवावी, असेही कंपनीने सुचविले होते.